पाटी आपली, गाळा भाड्याचा : वेब होस्टिंगचा थोडा इतिहास

मंडळी, आजचा विषय जरा दुकानदारीचा वाटेल. छोट्या व्यवसायाची वेबसाइट काढायची म्हणजे दोन गोष्टींचे पैसे मोजावे लागतात. एक नाव, म्हणजे डोमेन. दुसरी जागा, म्हणजे होस्टिंग. पुष्कळदा दोन्ही एकाच पावतीवर मिळतात, म्हणून ती एकच वस्तू वाटते. तत्त्वज्ञानात आपण नाम आणि रूप वेगळे करून पाहतो. इथेही तेच करायचं आहे.

इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या जाळ्यात प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता असे. कोणत्या नावाचा कोणता आकडा, याची एकच यादी होती. ती कॅलिफोर्नियातल्या एसआरआय या संशोधन संस्थेत सांभाळली जाई आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घेत. यंत्रं वाढली तशी ही एक वही पुरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस ही व्यवस्था मांडली. नावांची नोंद अनेक ठिकाणी वाटली गेली. यातून आपल्या कामाची गोष्ट निघाली ती अशी, की नाव तेच ठेवून त्यामागचा आकडा, म्हणजे जागा, बदलता येते.

आता जागेकडे वळू. १९९० च्या अखेरीस जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी जगातला पहिला वेब सर्व्हर चालू केला. तो नेक्स्ट कंपनीचा एक साधा टेबलावरचा संगणक होता. हे यंत्र बंद करू नका, अशी सूचना लाल शाईने लिहून त्यावर चिकटवली होती. होस्टिंग म्हणजे काय, ते त्या चिठ्ठीत आलं बघा : कोणीतरी कायम चालू ठेवलेलं, जाळ्याला जोडलेलं यंत्र.

पण प्रत्येक किराणावाल्याने असं यंत्र कुठून आणायचं? एका यंत्रावर अनेकांना जागा द्यावी, तर अडचण होती. सुरुवातीच्या एचटीटीपीत ब्राउझर इमारतीच्या दारापर्यंत पोहोचायचा, पण आत कोणत्या गाळ्यात जायचं ते सांगायचा नाही. त्यामुळे प्रत्येक नावाला स्वतंत्र आकडी पत्ता लागे. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१ ने ‘होस्ट’ ही एक ओळ सक्तीची केली. ब्राउझरने कोणत्या नावाकडे आलो ते आधीच सांगायचं. मग एका पत्त्यावर शेकडो दुकानं मांडता आली. आज आपण ‘शेअर्ड होस्टिंग’ म्हणून स्वस्तात घेतो, त्यामागे ही एक ओळ आहे. अर्थात शेजाऱ्याकडे गर्दी झाली तर आपलाही जिना अडतो, हे ओघानं आलंच.

आता फुकट जागेची गोष्ट. १९९४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या जिओसिटीजने लोकांना मोफत पानं दिली. तिथं वस्त्या होत्या, घरांना क्रमांक होते. १९९९ मध्ये याहूने ती विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेतली सेवा बंद केली. काही हौशी मंडळींनी पुष्कळशी पानं जपून ठेवली, पण जुने पत्ते गेले. ते पत्ते जिओसिटीजच्याच नावाचे होते ना! ज्याच्याकडे स्वतःचं डोमेन आणि मजकुराची प्रत होती, त्याने दुसरीकडे बिऱ्हाड हलवलं. गिऱ्हाईक त्याच पाटीखाली येत राहिलं.

तेव्हा व्यवहारात आपण तीन गोष्टी पाहायच्या. डोमेन साइट बनवून देणाऱ्याच्या नव्हे, आपल्या नावावर आणि आपल्या ईमेलवर नोंदलेलं असावं. तेही कायमचं मिळत नाही, म्हणून नूतनीकरणाची तारीख हिशेबाच्या वहीत लिहून ठेवावी. आणि साइटची एक प्रत होस्टिंगवाल्याच्या यंत्राबाहेर, आपल्यापाशी असावी.

जागा आज ना उद्या बदलावी लागणारच. त्या दिवशी पाटी उतरवून बरोबर नेता येईल का, एवढं पहिले पैसे भरण्याआधी विचारून घ्यावं. इथे थांबू या. आता तुमचे प्रश्न घेऊ.