जांभ्याखालची पानं

रत्नागिरीच्या सड्याबद्दलचे, म्हणजे जांभ्याच्या पठाराबद्दलचे, जुने छापील पुरावे मोजकेच आहेत. सी. जे. विल्किन्सनने १८७१ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नियतकालिकात दक्षिण कोकणच्या भूरचनेवर छोटं टिपण लिहिलं. १८७९ मध्ये मेडलिकॉट आणि ब्लॅनफर्ड यांचा भारताच्या भूविज्ञानावरचा ग्रंथ आला. पुढच्याच वर्षी कॅम्पबेलच्या संपादनाखाली गॅझेटियरचा रत्नागिरी-सावंतवाडी खंड निघाला.

त्या दशकातलं वर्णन असं: समुद्रापासून आत १५-२० मैलांपर्यंत जांभ्याचं पठार, उंची साधारण २०० ते ३०० फूट, ओढ्या-नद्यांनी जागोजाग चिरलेलं. खुद्द रत्नागिरीत मात्र जांभ्याखाली पांढऱ्या-निळसर चिकणमातीचा थर लागतो. त्यात फळं सापडतात आणि पानांचे काळपट पापुद्रेही. त्याखाली काळवत्री, म्हणजे लाव्हाचा काळा कातळ.

ही पानंच खरी साक्षीदार. जांभा बनण्याच्या नेहमीच्या रीतीने त्यांचा उलगडा होत नाही. ती रीत अशी: सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा कातळ उष्ण, ओल्या हवेत कुजतो. चुना, मॅग्नेशियम, बरीचशी सिलिका पाण्यासोबत जाते. लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागे राहतात. जमिनीत मऊ असलेला हा दगड वाऱ्यावर कडक होतो, हे बुकॅननने १८०७ च्या आपल्या प्रवासग्रंथात मलबारबद्दल लिहिलं. चिरेखाणीवरच्या माणसाला ते सांगावं लागत नाही. पण जागच्या जागी कुजलेल्या लाव्हात वरून खाली कवच, माती आणि कातळ एवढंच मिळायला हवं. पाचोळा आला कुठून?

तो लाव्हाच्या दोन थरांमध्ये अडकलेला गाळ असावा, ही शंका रास्त आहे. मात्र पुढे परागकणांच्या अभ्यासातून बहुतेकांनी हा थर मायोसीन काळात ठेवला, म्हणजे लाव्हा थंड होऊन कोट्यवधी वर्षं उलटल्यावर. तेव्हा निदान इथे तरी कुजलेल्या लाव्हावर पाणथळ सखल जागा होती, तिच्यात गाळ साचला आणि त्या गाळाचाही जांभा झाला, असा माझा निष्कर्ष आहे. तो सबंध कोकणाला लावणं मात्र धाडसाचं. पुरावा एका गावचा आहे, आणि बाकी सड्यांवरचा बराचसा जांभा कातळातूनच जागी बनलेला दिसतो.

एकेकाळची सखल जागा आज पठाराखाली कशी? १९९६ मध्ये विडोसन आणि कॉक्स यांनी जांभ्याची उंची आणि नद्यांची मांडणी पाहून किनारा नंतर उचलला गेल्याचं प्रतिपादन केलं. जमीन उचलली तसं नद्यांनी पात्रं खोल कापली. काजळी, शास्त्री, मुचकुंदी यांच्या खाड्या सड्यांच्या मधे शिरल्या.

झीज आजही त्याच रचनेनुसार चालते. पावसाचं पाणी जांभ्याच्या भोकांतून झिरपतं, चिकणमातीवर अडतं आणि सड्याच्या कडेला झऱ्यांनी बाहेर पडतं. माती वाहून गेली की वरचं कवच आधार सुटून चौकोनी धोंड्यांनी कोसळतं. म्हणून सड्याची कड वर ताठ आणि पायथ्याशी उतरती दिसते.