सामन्याचें स्थळ आणि ऋतु

मोठ्या स्पर्धेचा अंतिम सामना कोणत्या गांवीं व कोणत्या ऋतूंत व्हावा, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ सोयीचा दिसतो. जेथें हवा सुखावह, मैदान कोरडें व प्रेक्षकांस बसावयास आराम, तेथें तो भरवावा, असें कोणीही सहज म्हणेल. अमेरिकेंत या प्रश्नावर पुष्कळ वाद झालेला आहे. तेथील फुटबॉल आपल्याकडील फुटबॉलहून निराळा; तो चेंडू हातांत घेऊन धांवण्याचा खेळ आहे. त्याचा अंतिम सामना ऐन हिवाळ्यांत येतो, म्हणून तो उबदार प्रांतांत अथवा छप्पर असलेल्या क्रीडागृहांत ठेवण्याचा परिपाठ पडला. २०१४ च्या २ फेब्रुवारीस तो प्रथमच न्यूयॉर्कनजीक, थंड मुलुखांतील उघड्या मैदानावर झाला, तेव्हां हिमवर्षावाच्या धास्तीनें आधींपासून मोठी चर्चा माजली होती. सामन्याची संध्याकाळ कोरडी गेली; बर्फ पडलें तें दुसऱ्या दिवशीं!

आपणांस या वादाशीं काय कर्तव्य, असें वाचक म्हणतील. आमच्याकडे बर्फ नाहीं हें खरें. परंतु पाऊस आहे. वसईजवळच्या सांडोर गांवापासून थेट मुंबईच्या कूपरेज मैदानापर्यंतचा हा किनाऱ्याचा पट्टा घेतला, तर वर्षाकांठीं येथें दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. अशा भूमींत खेळानें पावसाला भ्यावें कीं त्याच्याशीं सलोखा करावा, हा प्रश्न आमच्या वाडवडिलांपुढेंही होताच. त्यांनीं त्याचें उत्तर कसें दिलें, हें पाहणें उद्बोधक आहे.

मुंबईंत कोरड्या महिन्यांत मैदानें क्रिकेटनें व्यापलेलीं असत. सबब फुटबॉलच्या वांट्याला पावसाळा आला, आणि तो त्यानें आनंदानें पत्करला. पहिल्या सरींनीं जमीन मऊ झाली, कीं पडलें तरी अंग फारसें खरचटत नाहीं. आणि चिखलांत चेंडू अडला, तर तो दोन्ही बाजूंसाठीं अडतो. १८९१ सालीं सुरू झालेली रोव्हर्स चषकाची स्पर्धा याच शहरांत वाढली. प्रारंभीं तिजवर गोऱ्या पलटणींचेंच स्वामित्व होतें. १९२३ सालीं कलकत्त्याचा मोहन बागान संघ अंतिम सामन्यापर्यंत पोंचला, पण डरहॅम लाइट इन्फंट्रीनें त्यास ४-१ असें हरविलें. पुढें १९३७ सालीं बंगलोर मुस्लिम्स या संघानें तो चषक जिंकला, व पलटणींची मक्तेदारी मोडली.

पावसाशीं सलोखा करण्यांत क्रिकेटही मागें राहिलें नाहीं. १९४८ सालीं डॉ. होरमसजी कांगा यांच्या नांवानें मुंबईंत जी साखळी स्पर्धा सुरू झाली, ती मुद्दाम पावसाळ्यांतच ठेविलेली. ओल्या खेळपट्टीवर चेंडू कधीं उसळतो, कधीं खालीं बसतो. अशा चेंडूस तोंड देण्याची शिस्त फलंदाजास लागावी, हा तिचा लाभ जाणत्यांनीं वाखाणलेला आहे. तात्पर्य, प्रतिकूल हवा म्हणजे खेळाची हानि, हें समीकरण आमच्या प्रांतानें केव्हांच मान्य केलें नव्हतें.

मग सामन्याचें स्थळ ठरवितांना इतिहासांत खरोखर कशाचा विचार झाला? याचें उत्तर सिमल्याच्या पहाडांत सांपडतें. ड्युरंड चषकाची स्पर्धा १८८८ सालीं सुरू झाली. सर मॉर्टिमर ड्युरंड हे हिंदुस्थान सरकारचे परराष्ट्रखात्याचे चिटणीस, त्यांचें नांव तिला मिळालें. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरांहून उंच अशा त्या थंड ठिकाणीं ही स्पर्धा रुजली, ती तेथील हवा फुटबॉलला विशेष मानवते म्हणून नव्हे. उन्हाळा आला कीं राज्यकर्ते सिमल्यास जात. ते गेले कीं त्यांच्या पलटणी, त्यांचे समारंभ व त्यांचे खेळही तेथें जात. देशांतील सामान्य प्रेक्षकास तो सामना पाहतां येईल कीं नाहीं, ही चिंता करण्याचें त्यांस कारणच नव्हतें. १९४० सालीं ही स्पर्धा दिल्लीस उतरली, आणि त्याच वर्षीं डिसेंबरांत कलकत्त्याच्या महामेडन स्पोर्टिंग संघानें रॉयल वॉरविकशायर पलटणीस २-१ असें नमवून तो चषक जिंकला. हा मान मिळविणारा तो पहिला हिंदी संघ होय. त्या विजयाचें सारें श्रेय स्थलांतरास देणें अर्थातच चुकीचें होईल. संघ कसलेला होता. परंतु राजधानीच्या मैदानांत देशबांधवांच्या डोळ्यांदेखत तो विजय झाला, ही गोष्ट लहान नव्हे. दिल्लीचा डिसेंबर काहीं उबदार नसतो. तरीही तेथें थंडीची तक्रार इतिहासानें नोंदविली नाहीं.

थंडीची तक्रार नोंदविली गेली ती बारा वर्षांनंतर, आणि ती दूरच्या हेलसिंकी शहरांत. आमच्या खेळाडूंस अनवाणी खेळण्याची संवय होती. १९११ सालीं मोहन बागाननें ईस्ट यॉर्कशायर पलटणीस हरवून आय. एफ. ए. शील्ड मिळविली, ती बहुतेक सर्व गड्यांच्या उघड्या पायांनीं. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकांतही आमचे बरेच खेळाडू बुटांवांचून उतरले, व फ्रान्सशीं २-१ असे थोडक्यांत हरले. परंतु १९५२ सालीं हेलसिंकीच्या थंड हवेंत युगोस्लाव्हियानें आमचा १०-१ असा धुव्वा उडविला, आणि त्यानंतर आमच्या फुटबॉल संघटनेनें बूट सक्तीचे केले. आतां येथें दोष कोणाचा? हेलसिंकीचा खचित नव्हे. थंडी दोन्ही संघांस सारखीच होती; तिला तोंड देण्याचीं साधनें मात्र सारखीं नव्हतीं. हवा सर्वांवर समान पडते, परंतु तयारी समान नसली तर त्याच हवेचें पक्षपाती रूप होतें.

याचा अर्थ कोणत्याही हवेंत खेळाडूंस लोटावें, असा नव्हे. १९६७ च्या ३१ डिसेंबरास अमेरिकेंत ग्रीन बे येथें विजेतेपदाचा सामना शून्याखालीं सुमारें २५ अंश थंडींत झाला. पंचांच्या शिट्ट्या ओठांस चिकटल्या. लोक त्या सामन्याच्या कथा अद्याप कौतुकानें सांगतात. परंतु देहाला कायमची इजा होईल तेथें कौतुक थांबलें पाहिजे. मैदानच खेळण्याजोगें न राहिलें तरी तोच न्याय. २०१७ च्या ऑक्टोबरांत सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा आपल्या देशांत झाली. ब्राझील व इंग्लंड यांचा उपान्त्य सामना गुवाहाटीस ठरला होता. तेथील मैदान पावसानें इतकें बिघडलें कीं तो कलकत्त्यास न्यावा लागला. दुसरा उपान्त्य सामना त्याच दिवशीं नवी मुंबईंत सुरळीत पार पडला. गुवाहाटीकरांची निराशा झाली, पण तो निर्णय आम्हांस योग्य वाटतो. कारण तो मैदान पाहून झाला, शहराच्या नांवावर आधींच काट मारून नव्हे. शिवाय स्थळ कायम ठेवून ऋतु बदलण्याचाही एक मार्ग आहे. २०२२ सालीं कतारच्या उन्हाळ्यापायीं विश्वचषक नोव्हेंबर-डिसेंबरांत नेण्यांत आला, तो याच मार्गानें.

आतां शेवटचें उदाहरण आमच्याच घरचें, आणि तें सर्वांत विचार करावयास लावणारें आहे. २०१६ च्या उन्हाळ्यांत मराठवाडा दुष्काळानें होरपळत होता. एप्रिलांत मिरजेहून लातुरास आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. त्याच महिन्याच्या १३ तारखेस मुंबईच्या उच्च न्यायालयानें, ३० एप्रिलनंतरचे आय. पी. एल.चे सामने महाराष्ट्राबाहेर न्यावे, असा हुकूम दिला. मुंबईस ठरलेला अंतिम सामना बंगलोरास झाला. मैदानांस पाजावयाचें पाणी वांचवून लातूरकरांची एक घागर तरी भरली काय, असा आक्षेप तेव्हां घेण्यांत आला, आणि हिशेबाच्या दृष्टीनें तो अगदींच पोकळ नव्हता. तरीही आम्ही त्या निर्णयाच्या बाजूचे आहों. शेजारच्या घरीं पाण्यावांचून चूल थंडावली असतां आपण अंगणांत सडा घालीत नाहीं. त्या सड्यानें शेजाऱ्याची तहान वाढते असें नव्हे; पण शेजारधर्म म्हणून कांहीं आहे कीं नाहीं?

या सर्व वृत्तांतावरून आमचें मत असें बनलें आहे. केवळ थंडी पडते किंवा पाऊस येतो एवढ्यासाठीं कोणत्याही शहराचा मोठ्या सामन्यावरील हक्क हिरावून घेऊं नये. ज्या लोकांनीं वर्षभर चिखलांत किंवा बर्फांत तो खेळ जोपासला, त्यांच्या दारीं त्याचा सोहळा एकदां तरी जावा, हें न्यायाचेंच आहे. कोरडें आसन हा पैसे मोजून दूरवरून येणाऱ्या प्रेक्षकाचा आग्रह असेल; त्या आग्रहापेक्षां गांवच्या मुलांचा हक्क आम्ही मोठा मानतों. मात्र खेळाडूच्या देहाला धोका असेल, किंवा यजमान प्रांताच्या घशाला कोरड पडली असेल, तेथें सामन्यानें मुकाट्यानें दुसरीकडे जावें. सांडोरच्या एखाद्या मुलानें भर श्रावणांत भिजत चेंडू लाथाडला, तर त्याला कोणी दुर्दैवी म्हणत नाहीं. त्याच पावसांत मोठ्यांचा सामना झाला, तर तेवढ्यानें विजेतेपदास उणेपणा कां यावा?