जुन्या विमानांची ओळख : एका छायाचित्राचा निर्णय

गेल्या वर्षीं एका गृहस्थांनीं आपल्या आजोबांचें दप्तर आमच्या स्वाधीन केलें. त्यांत पावत्या, खासगी पत्रें व एक फाटकें पंचांग ह्यांखेरीज विशेष कांहीं नव्हतें. मात्र तळाशीं एक छायाचित्र निघालें. एकपंखी लहान विमान, पुढें कोट-टोपी घातलेला एक तरुण, आणि पाठीवर शाईनें लिहिलेलें : 'टाटांचें पहिलें टपालविमान, जुहू, सन १९३२.' तरुण म्हणजे दात्याचे आजोबा. आम्हीं तो मजकूर प्रमाण मानिला आणि एका लहानशा प्रदर्शनांत तें चित्र त्याच मथळ्याखालीं मांडिलें. ही चूक सर्वस्वीं आमची होती.

प्रदर्शनास आलेला एक अभियांत्रिकीचा विद्यार्थी चित्रासमोर बराच वेळ उभा राहिला व म्हणाला, "गुरुजी, हें पस मॉथ नव्हे, लेपर्ड मॉथ आहे. मग सन १९३२ कसें?" आम्हांस दोन्ही नांवें सारखींच अपरिचित. जुनीं, विस्मृत विमानें ओळखण्याचा छंद असलेली मंडळी असतात, एवढेंच ऐकून होतों. त्या मुलाच्या संगतीनें ह्या विद्येची जी थोडी ओळख झाली, ती पोथ्या व कागद चाळणाऱ्या वाचकांस उपरी वाटणार नाहीं, अशा समजुतीनें हा लेख लिहीत आहों.

ह्या छंदास शिस्त लागली ती युद्धांत. ६ सप्टेंबर १९३९ रोजीं, ब्रिटननें युद्ध पुकारल्यास तीनच दिवस झाले असतां, ब्रिटिश स्पिटफायर विमानांनीं आपल्याच हरिकेन विमानांस शत्रु समजून त्यांतील दोन पाडिलीं. एक वैमानिक प्राणास मुकला. पुढें केवळ काळी छायाकृति पाहून विमान ओळखण्याचा अभ्यास तेथील निरीक्षक कसोशीनें करूं लागले. १९४१ मध्यें 'एरोप्लेन स्पॉटर' हें ह्याच विषयास वाहिलेलें पत्र निघालें व तें १९४८ पर्यंत चाललें. युद्ध संपलें, छंद मात्र राहिला. आजही ही मंडळी एकमेकांपुढें अनामिक छायाचित्र टाकितात आणि त्याचा कर्ता, प्रकार व वर्ष सांगण्याची पैज लावितात. बक्षीस कांहीं नसतें. समस्यापूर्तीसाठीं रात्री जागविणाऱ्या आमच्या शास्त्रीमंडळींस तरी ह्याचें हंसूं येऊं नये.

त्यांचें आवडतें कोडें उडत्या नौकांचें. इंपीरियल एअरवेजच्या 'एम्पायर' वर्गांतील पहिली नौका 'कॅनोपस' ३ जुलै १९३६ रोजीं उडाली. शॉर्ट कंपनीनें बांधिलेल्या ह्या नौका पूर्वेच्या मार्गावर कराची, राजसमंदचें तळें, ग्वाल्हेर, अलाहाबाद असे मुक्काम करीत कलकत्त्यास येत. त्यांच्या नांवांत तारकांचीं व नक्षत्रांचीं नांवें पुष्कळ : कॅनोपस म्हणजे आपला अगस्त्य, कॅपेला म्हणजे ब्रह्महृदय, कॅसिओपिया म्हणजे शर्मिष्ठा. समुद्र प्राशन करणाऱ्या ऋषीचें नांव पाण्यावर उतरणाऱ्या विमानास मिळालें, हा योगायोग नांव ठेवणारांच्या ध्यानीं आला नसावा. असो.

आतां त्याच कारखान्याची 'माइया' पाहा. चार एंजिनें, तसेंच उंच धड, पंख धडाच्या माथ्यावर. नवशिक्या तिला एम्पायर वर्गांतच घालील. परंतु माइया आपल्या पाठीवर 'मर्क्युरी' नांवाचें दुसरें जलविमान घेऊन चढे आणि आकाशांत त्यास सोडून देई. जुलै १९३८ मध्यें मर्क्युरी असें सुटून आयर्लंडकडून थेट माँट्रियलपर्यंत गेलें. ह्या भारासाठीं माइयाच्या धडाचा तळ रुंद केला होता, आणि मर्क्युरीच्या दोन फ्लोटांस जागा राहावी म्हणून आंतलीं एंजिनें बाहेरच्या बाजूस सरकविलीं होतीं. एकटी माइया चित्रांत दिसली तर हींच लक्षणें शोधावयाचीं. सूत्राचें प्रयोजन कळल्याखेरीज सूत्र टिकत नाहीं, असें आम्ही वर्गांत तीस वर्षें सांगत आलों. तेंच येथें धातूच्या पत्र्यांत भेटलें. शिवाय, मे १९४१ मध्यें पूल बंदरांत जर्मन बाँबहल्ल्यांत माइया नष्ट झाली. तेव्हां त्यानंतरच्या प्रसंगाचें म्हणून कोणी तिचें चित्र दाखवील, तर तारीख किंवा नांव ह्यांपैकीं एक खोटें.

धडावरील नोंदणीचीं अक्षरें वाचतां आलीं कीं निर्णय झाला, असा एक समज आहे. तो पुष्पिकेवर विसंबणाऱ्या संग्राहकाच्या समजाइतकाच धोक्याचा आहे. नकलकार मूळ प्रतीची पुष्पिका मितीसकट उतरून ठेवितो. विमान परदेशीं विकलें कीं अक्षरें बदलतात, आणि एखाद्या जुन्या सांगाड्यास प्रसिद्ध विमानाचीं अक्षरें रंगवून उभें करण्याचीही चाल आहे. हिंदुस्थानच्या 'व्हीटी' ह्या अक्षरांचा अर्थ 'व्हाइसरॉयचा प्रदेश' असा सांगतात. ती केवळ लोकव्युत्पत्ति होय. तीं अक्षरें बिनतारी संदेशांच्या आंतरराष्ट्रीय संकेतांच्या वांटणींतून आलेलीं आहेत.

आमच्या चित्रांत हीं दोनच अक्षरें दिसतात. पुढचीं तरुणाच्या खांद्याआड गेलेलीं. म्हणून पंखांकडे वळणें भाग पडलें. पस मॉथच्या पंखाची रुंदी जवळजवळ टोंकापर्यंत एकसारखी असते. लेपर्ड मॉथचा पंख टोंकाकडे निमुळता होत जातो. भिंगाखालीं निमुळतेपणा स्पष्ट दिसला. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून अहमदाबादमार्गें जुहूस टपाल घेऊन आले ते पस मॉथमधून. लेपर्ड मॉथ प्रथम उडालें तेंच मुळीं १९३३ च्या मे महिन्यांत. राज्याभिषेक शकाचा उल्लेख असलेलें पत्र १६७४ पूर्वींचें असूं शकत नाहीं, तशांतलाच हा प्रकार. घोटाळ्यास आणखी एक निमित्त आहे : त्या उड्डाणास ५० वर्षें झालीं तेव्हां, १९८२ मध्यें, ७८ वर्षांच्या टाटांनीं तोच प्रवास पुन्हां केला तो लेपर्ड मॉथमधून, आणि त्या वेळचीं चित्रें १९३२ चीं म्हणून फिरतात. आमचें चित्र मात्र तेंही नव्हे. दात्याचे आजोबा त्यापूर्वींच वारले होते.

हें दात्यास सांगणें जिवावर आलें. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मास्तर, म्हणजे आजोबा आम्हांला खोटें सांगत होते कीं काय?" ह्या प्रश्नास उत्तर देण्यापूर्वीं पाठीवरचा मजकूर पुन्हां पाहणें आम्हांस प्राप्त झालें. दप्तरांतील आजोबांच्या सह्या व पत्रें शेजारीं ठेविलीं. 'ट'ची गांठ निराळी, 'ज'चें वळण निराळें. अक्षर त्यांचें नव्हेच. तें दात्याच्या वडिलांच्या पत्रांतील अक्षराशीं तंतोतंत जुळतें. दात्यानें स्वतःच तीं पत्रें ओळखिलीं, आणि चित्र परत न नेतां आमच्याकडेच ठेविलें.

चित्राखालीं आतां असा मथळा आहे : 'लेपर्ड मॉथ विमान व एक तरुण. १९३३ किंवा त्यानंतर. स्थळ अनिश्चित. पाठीवरील मजकूर उत्तरकालीन.' दात्याच्या आग्रहावरून तो मजकूरही खालीं जसाच्या तसा उतरला आहे. विद्यार्थ्याचें लक्ष अजून खांद्याआडच्या अक्षरांवर आहे. तिसऱ्या अक्षराचा एक पाय कोटाच्या कडेस दिसतो असें तो म्हणतो. आम्हांस तो दिसत नाहीं.