खपली गहू लोकवनपेक्षा खरंच पौष्टिक असतो का?

रील्स बघत असाल तर खपली गव्हाबद्दलचे दावे तुमच्यापर्यंत पोहोचले असतीलच. खपली खाल्ली की शुगर वाढत नाही, पोट हलकं राहतं, त्यात ग्लुटेन नसतं आणि आपण रोज खातो तो गहू निकस आहे, असं सांगितलं जातं. पाकिटावर भाव बघितला तर तो लोकवनच्या दुपटीहून जास्त असतो.

पनवेलकरांना हे तपासणं आणखी अवघड आहे. रायगड हा भाताचा जिल्हा, त्यामुळे पनवेलच्या दुकानात येणारा गहू बाहेरगावचाच. शेतात काय पेरलं होतं ते आपण पाहिलेलं नसतं, पाकिटावर लिहिलंय तेच खरं मानावं लागतं. म्हणून आधी हे गहू नेमके कोणते ते समजून घेऊ.

गव्हाचे तीन प्रकार

लोकवन, शरबती हे पोळीचे गहू. लोकवन म्हणजे गुजरातमधल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झालेलं 'लोक-1' हे वाण. दुसरा प्रकार बन्सी गहू. त्याचा रवा आणि शेवया चांगल्या होतात. तिसरा खपली. शास्त्रीय नाव ट्रिटिकम डायकोकम. पश्चिम आशियात सुमारे 10 हजार वर्षांपूर्वी माणसाने जी पहिली धान्यं लावली, त्यातलं हे एक.

पोळीच्या गव्हात 42 गुणसूत्रं असतात, बन्सी आणि खपलीत 28. मळणी केली तरी खपलीच्या दाण्यावरचं टरफल सुटत नाही, ते वेगळं काढावं लागतं. त्यात वेळ आणि पैसा जातो, उत्पादनही कमी येतं. खपली महाग असण्याचं हे मोठं कारण. भारतातल्या गव्हाच्या क्षेत्रात तिचा वाटा जेमतेम 1 टक्का आहे. आपल्याकडे सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर आणि सीमेपलीकडे बेळगाव भागात ती पिकते. तिकडे खीर आणि पुरणपोळीसाठी ती पूर्वीपासून वापरली जाते.

नवीन गहू निकस झाला का?

या दाव्यात तथ्य आहे, पण अर्धंच. 1966 मध्ये भारताने मेक्सिकोहून 18 हजार टन बुटक्या गव्हाचं बियाणं आणलं आणि हरितक्रांतीला वेग आला. इंग्लंडच्या रॉथमस्टेड संशोधन केंद्रात 1843 पासूनच्या प्रयोगातले गव्हाचे नमुने जपून ठेवलेत. ते तपासल्यावर दिसलं की 1960 च्या दशकाच्या मध्यापर्यंत दाण्यातलं जस्त आणि लोह साधारण स्थिर होतं. बुटकी वाणं आल्यावर ते घटलं. मातीतली खनिजं मात्र कमी झालेली नव्हती. एकरी दाणे वाढले, पण त्या प्रमाणात खनिजं दाण्यात आली नाहीत.

पण नवीन म्हणजे निकसच, असंही नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तयार केलेलं एमएसीएस 4028 हे बन्सी प्रकारातलं नवं वाण घ्या. त्यात 14.7 टक्के प्रथिनं आहेत. 100 ग्रॅममागे सुमारे 4.6 मिलिग्रॅम लोह आणि 4 मिलिग्रॅम जस्त आहे. शिवाय खुद्द खपलीचीही सुधारित वाणं आहेत. आघारकर संस्थेचं एमएसीएस 2971 त्यातलंच. म्हणजे 'प्राचीन' म्हणून घेतलेली खपली प्रत्यक्षात अलीकडच्या वाणाची असू शकते. त्यात वाईट काही नाही, फक्त 'प्राचीन' या शब्दासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

ग्लुटेन नसतं?

असतं. खपलीतलं ग्लुटेन कमी ताणलं जातं, म्हणून पीठ कमी चिवट होतं. पण ज्यांना सिलिॲक आजार आहे, म्हणजे ग्लुटेनमुळे ज्यांच्या आतड्याला इजा होते, त्यांना खपलीही चालत नाही. घरात असं कुणी, विशेषतः लहान मूल असेल, तर रील बघून प्रयोग करू नका.

आधुनिक गव्हात ग्लुटेन वाढवलंय, हाही दावा तपासला गेलाय. जर्मनीत 1891 ते 2010 या काळातली 60 वाणं एकत्र लावून पाहिली. 2020 मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार एकूण ग्लुटेन जवळपास तेवढंच राहिलं आणि प्रथिनं थोडी घटली.

आणि शुगर?

खपली सावकाश पचते, असं काही लहान अभ्यासांत दिसलंय. पण तीही गहूच आहे. तिच्या पिठाचा निम्म्याहून अधिक भाग पिष्टमय पदार्थांचा असतो. दोनाऐवजी चार पोळ्या खाल्ल्या, तर साखर वाढणारच. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन खपलीच्या भरवशावर स्वतःहून कमी करणं धोक्याचं आहे.

मग खरा फरक कुठे पडतो?

गिरणीत आणि चाळणीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांनुसार 100 ग्रॅम कणकेत सुमारे 11 ग्रॅम तंतू आणि 4.1 मिलिग्रॅम लोह असतं. तेवढ्याच मैद्यात तंतू 3 ग्रॅमहूनही कमी आणि लोह 1.8 मिलिग्रॅम. कोंडा गेला की त्याच्याबरोबर बरंच काही जातं. महागडी खपली आणून बारीक चाळणीने कोंडा काढून टाकला, तर तिचाही फायदा कमी होतो.

खपलीची चव आवडते आणि परवडते, तर जरूर खा. सातारा-सांगलीच्या शेतकऱ्याचं पीक टिकेल ते वेगळंच. परवडत नसेल तर अपराधी वाटून घेऊ नका. साधा लोकवन दळून आणा, कोंडा काढू नका, आठवड्यातून काही दिवस नाचणी किंवा ज्वारीची भाकरी करा आणि सोबत डाळ-भाजी असू द्या.