केतकरांचा ‘ब्रह्मा’: 1911 च्या एका टिपणाची फेरतपासणी

1911 साली फ्रान्सच्या खगोल मंडळाच्या मुखपत्रात व्यंकटेश बापूजी केतकर यांचे एक टिपण छापून आले. विषय होता नेपच्यूनपलीकडचे, तोवर कोणीही न पाहिलेले ग्रह. केतकरांनी असे दोन ग्रह मानले आणि त्यांना ब्रह्मा व विष्णू ही नावे दिली. पृथ्वी आणि सूर्य यांमधील अंतर एक एकक धरले, तर ब्रह्माचे मध्यम अंतर त्यांनी 38.95 एकक आणि प्रदक्षिणाकाळ 242.28 वर्षे दिला. पुढे 1930 मध्ये प्लूटो सापडला. त्याचे मध्यम अंतर 39.48 एकक, काळ सुमारे 248 वर्षे. अंतरातली चूक दीड टक्क्याहून कमी, काळातली अडीच टक्क्यांहून कमी.

एवढ्यावरून ‘प्लूटोचे भाकीत केतकरांनी केले’ असे म्हणून मोकळे होण्याचा मोह पडतो. पण केतकर (1854–1930) पेशाने शिक्षक होते आणि गणित आकाशाशी जुळलेच पाहिजे, हा दृक्प्रत्ययाचा आग्रह त्यांनी पंचांगकर्त्यांपुढे जन्मभर धरला. पाश्चात्त्य ग्रहकोष्टकांच्या आधारे त्यांनी ‘ज्योतिर्गणित’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यांनी पुरस्कारलेला चित्रापक्षाचा अयनांश (वसंतसंपात आणि चित्रा ताऱ्यावरून ठरवलेला राशिचक्राचा आरंभ यांतले अंतर) पुढे भारत सरकारच्या पंचांगसुधारणेत स्वीकारला गेला. अशा माणसाच्या आकड्यांना त्याचीच कसोटी लावणे, हाच त्यांचा खरा मान आहे.

टिपणाचे मूळ सूत्र फ्रेंच गणिती लाप्लास यांच्याकडून आले आहे. गुरूचे आयो, युरोपा आणि गॅनिमीड हे तीन उपग्रह अनुक्रमे 1.769, 3.551 आणि 7.155 दिवसांत गुरूभोवती फिरतात, म्हणजे जवळजवळ 1:2:4 या प्रमाणात. लाप्लासने दाखवले की आयोची मध्यम गती, वजा युरोपाची तिप्पट, अधिक गॅनिमीडची दुप्पट ही बेरीज शून्य येते. आयोची रोजची गती 203.489 अंश, युरोपाची 101.375, गॅनिमीडची 50.318. ताळा करून पाहावा. या बंधनाला एक भूमितीही आहे. युरोपा आणि गॅनिमीड यांची युती होते, तेव्हा आयो नेमका गुरूच्या विरुद्ध बाजूला असतो. त्यामुळे हे तिघे एकाच बाजूला कधीच एका रेषेत येत नाहीत.

अशीच साखळी युरेनस, नेपच्यून आणि त्यापलीकडच्या ग्रहांत असावी, असे केतकरांनी धरले. आता आकडे बोलू देऊ. युरेनसचा काळ 84 वर्षे, नेपच्यूनचा सुमारे 165. लाप्लासचे समीकरण जसेच्या तसे या दोघांना लावले, तर तिसऱ्याचा काळ सुमारे 317 वर्षे निघतो, 242 नव्हे. म्हणजे केतकरांनी समीकरण नुसते उचलले नव्हते, त्यात स्वतःची घडण केली होती. दुसरी तपासणी केप्लरच्या नियमाची. 38.95 एककांवरच्या ग्रहाला प्रदक्षिणेस 243.1 वर्षे लागतील. टिपणातला काळ 242.28. फरक एका वर्षाच्या आत आहे, तेव्हा अंतर आणि काळ हे दोन आकडे परस्परांशी सुसंगत आहेत.

टिपणात काय नाही, हेही तितकेच महत्त्वाचे. ब्रह्मा आकाशात कोणत्या दिशेला शोधावा, हे त्यात नाही. अंतर आणि काळ एवढेच आहे. तेवढ्यावर दुर्बीण कुठे रोखणार? अमेरिकेत पर्सिव्हल लॉवेल यांनी 1915 मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाकितात आकाशातली जागाही दिली होती. त्यांच्याच वेधशाळेत 18 फेब्रुवारी 1930 रोजी क्लाइड टॉम्बॉ यांना प्लूटो सापडला. पण लॉवेल यांचा ग्रह पृथ्वीच्या सुमारे सातपट वस्तुमानाचा होता, आणि प्लूटो आपल्या चंद्रापेक्षाही हलका निघाला. युरेनसच्या गतीतल्या ज्या विचलनांवर लॉवेल यांचे गणित उभे होते, तीही नेपच्यूनचे वस्तुमान नीट कळल्यावर नाहीशी झाली. शोध लागला तो टॉम्बॉ यांच्या चिकाटीमुळे.

केतकरांचा पायाही टिकला नाही. युरेनस आणि नेपच्यून यांचे काळ 1:2 च्या जवळ आहेत, पण ते एकमेकांत अडकलेले नाहीत. विष्णूही सापडला नाही. मात्र नेपच्यूनपलीकडे लयबद्ध बंधन असणार, हा त्यांचा मूळ विचार खरा ठरला. 1965 मध्ये कोहेन आणि हबर्ड या संशोधकांनी संगणकावर दाखवले की प्लूटोच्या दोन फेऱ्या होतात तेवढ्यात नेपच्यूनच्या तीन होतात. दोघांची युती नेहमी प्लूटो सूर्यापासून दूर असतानाच घडते. त्यामुळे प्लूटो काही काळ नेपच्यूनपेक्षा सूर्याजवळ येत असूनही त्या दोघांतले अंतर सुमारे 17 एककांखाली जात नाही.

तेव्हा निर्णय असा: केतकरांनी प्लूटो शोधला नाही, त्याची जागाही सांगितली नाही. पण ग्रहांच्या कालचक्रांत आकृती शोधावी आणि तिला आकडा देऊन जगासमोर तपासणीला ठेवावे, हे धैर्य त्यांनी दाखवले, आणि त्यांचा श्रेयाचा वाटा तेवढा निश्चित आहे. त्यांनी आधार मानलेले प्रमाण पाहायला मोठी वेधशाळा लागत नाही. बारामती–इंदापूरच्या माळावरून साध्या छोट्या दुर्बिणीतून गुरूचे उपग्रह दिसतात. शाळेतल्या मुलांकडून त्यांच्या जागा रोज रात्री वहीत मांडून घ्या आणि 1:2:4 चा ताळा त्यांनाच करू द्या.