चवदार तळें आणि पुराव्याचा विवेक

समाजशास्त्राच्या ग्रंथांत निरीक्षण, अनुमान, नमुना इत्यादि संज्ञांची अशी गर्दी असते कीं, नवा अभ्यासक प्रथम त्यांनाच भितो. या संज्ञा कोणत्या गरजेंतून निपजल्या हें ज्यास समजून घ्यावयाचें असेल, त्यानें महाडच्या चवदार तळ्याच्या वादाचा इतिहास एकदां त्या दृष्टीनें पाहावा, असें आम्हांस वाटतें.

पहिला प्रश्न कागदाचा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावे, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलानें १९२३ सालीं मंजूर केला. त्यास अनुसरून महाडच्या म्युनिसिपालिटीनें १९२४ सालीं तळें खुलें केल्याचें ठरविलें. केवळ दप्तरावर विसंबणारा इतिहासकार येथेंच थांबेल, आणि अस्पृश्यांस पाणी मिळालें असें लिहून मोकळा होईल. वस्तुतः पुढें तीन वर्षें त्यांची घागर त्या पाण्यांत बुडाली नाहीं. ठराव हा ठराव करणाऱ्यांच्या मताचा पुरावा होय. पाणवठ्यावरील वर्तनाचा नव्हे. कोणतें साधन नेमकें काय दाखवितें, हें आधीं ठरवावें लागतें तें याचसाठीं.

दुसरा प्रश्न ऐकीव वार्तेचा. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं परिषदेस जमलेल्या लोकांसह तळ्याचें पाणी प्राशन केलें. थोड्याच वेळांत, हे लोक आतां वीरेश्वराच्या देवळांत शिरणार, अशी हूल उठली आणि परिषदेच्या माणसांवर हल्ले झाले. ही वार्ता कोणीं आणिली, त्यानें स्वतः काय पाहिलें, हें विचारण्याइतका धीर जमावास नव्हता. त्याचें मोल निरपराध माणसांस रक्तानें द्यावें लागलें.

तिसरा प्रश्न अनुमानाचा. म्युनिसिपालिटीनें ऑगस्ट १९२७ मध्यें आपला ठराव मागें घेतला, आणि डिसेंबरांत कांहीं स्पृश्य गृहस्थांनीं दिवाणी दावा लाविला. तळें खासगी आहे व अस्पृश्यांस मज्जाव करण्याची वहिवाट अनादि आहे, असें त्यांचें म्हणणें. आतां, 'अस्पृश्यांस येथें पाणी भरतांना आम्हीं पाहिलें नाहीं' हें झालें निरीक्षण. 'असें अनादि कालापासून चालत आलें' हें अनुमान. माणसाच्या आठवणीची धाव फार तर दोन-तीन पिढ्यांची! १७ मार्च १९३७ रोजीं मुंबईच्या उच्च न्यायालयांत न्या. ब्रूमफील्ड व न्या. वाडिया यांनीं हाच भेद राखिला. अलीकडील चाल कशीही असो, ती अनादि असल्याचें वादींनीं सिद्ध केलेलें नाहीं, असा निर्णय होऊन त्यांचें अपील फेटाळलें गेलें.

चौथा, आणि आमच्या मतें सर्वांत नाजूक, प्रश्न कोणास विचारावें हा. तळ्याभोंवतीं ज्यांचीं घरें, त्यांसच विचारिलें तर गांवांत कोणाची तक्रार नव्हती असेंच उत्तर यावयाचें. पण महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर यांनीं १८८८ सालींच 'विटाळ विध्वंसन' लिहून अस्पृश्यतेविरुद्ध जाहीर सवाल केले होते. तक्रार होती, ती ऐकणारा नव्हता. भीतीनें गप्प बसलेल्या माणसाचें मौन ही संमति नव्हे. ज्यास हें कळलें नाहीं, त्याचा नमुना हजारांचा असला तरी व्यर्थ होय.

सावित्रीच्या खोऱ्यांत, पोलादपुरापासून महाडापर्यंत, आज कोणी अभ्यासक हिंडूं लागला, तर त्यानें ग्रामपंचायतीचें दप्तर अवश्य चाळावें. परंतु पाणवठ्यावरही उभें राहावें, आणि शेवटीं रांगेंत मागें असलेल्या बाईस विचारावें.

एक गोष्ट मात्र विसरूं नये. वहिवाट सिद्ध झाली असती तर ती न्याय्य कीं अन्याय्य, या प्रश्नास न्यायालयानें हात घातला नाहीं. पुरावा काय होतें तें सांगतो. काय असावें हें माणसांस ठरवावें लागतें. तें १९२७ सालीं तळ्याकाठीं ओंजळ भरणाऱ्यांनीं ठरविलें, आणि १९५० सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेनें पंधराव्या कलमांत विहिरी व तलाव यांचा उल्लेख करून तें देशाच्या वतीनें लिहून ठेविलें.