उंदरांच्या पाठीवरून गुडघ्यापर्यंत

गुडघ्याला आज जो लेझरचा उपचार देतात, त्याचा उगम गुडघेदुखीत नाही. तो आहे बुडापेस्टमधल्या उंदरांच्या पाठीवर.

थिओडोर मायमन यांनी १९६० साली कॅलिफोर्नियात माणकाच्या स्फटिकातून पहिला लेझर काढला आणि काही वर्षांतच तो डॉक्टरांच्या हाती आला. बॉस्टनमध्ये पॉल मॅकगफ त्याने प्राण्यांच्या शरीरातल्या कर्करोगाच्या गाठी नष्ट करू पाहत होते. हंगेरीचे सर्जन एंद्रे मेस्टर यांनी १९६७ च्या सुमारास तोच प्रयोग हाती घेतला. उंदरांच्या पाठी भादरल्या, कातडीखाली गाठी रुजवल्या आणि वर लाल झोत सोडला. गाठी हटल्या नाहीत. मेस्टर यांचा लेझर त्या कामासाठी फारच कमजोर होता. पण झोत पडलेल्या उंदरांचे केस बाकीच्यांपेक्षा लवकर उगवले, गाठी रुजवताना झालेल्या जखमाही लवकर भरल्या. दुसऱ्या कुणी प्रयोग फसला म्हणून वही मिटली असती. मेस्टर त्या केसांपाशी थांबले, याचं मला फार मोल वाटतं. पुढे त्यांनी महिनोन् महिने न भरणाऱ्या जखमांवर हाच सौम्य लेझर वापरला.

हा प्रकाश भाजत नाही, कापत नाही. पेशीतल्या मायटोकाँड्रियामधलं एक प्रथिन तांबडा आणि अवरक्त प्रकाश शोषून घेतं आणि पेशीची ऊर्जानिर्मिती वाढते, असा खुलासा रशियाच्या संशोधक टीना कारू यांनी मांडला. तो आजही सर्वाधिक मानला जातो.

मग सांध्यातली झिजलेली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गादी, यानेही भरून येईल अशी आशा वाटणं साहजिकच होतं. सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतू नाहीत, पेशीही मोजक्याच. एकदा झिजली की ती भरून येत नाही, हे शरीररचनातज्ज्ञ विल्यम हंटर यांनी १७४३ सालीच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं होतं. जखम भरवणारा प्रकाश इथेही चालेल का, हे प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि प्राण्यांवर तपासलं गेलं, आणि काही निकाल खरोखर उमेद देणारे आहेत.

माणसाच्या गुडघ्याची गोष्ट वेगळी. २०१९ मध्ये २२ चाचण्यांचा एकत्र आढावा निघाला. योग्य मात्रेत, म्हणजे ७८५ ते ८६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या लेझरची दर बिंदूला ४ ते ८ जूल ऊर्जा दिली तर वेदना कमी होतात, असं त्यात दिसलं. उलट ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्य-मार्गदर्शन संस्थेने २०२२ मध्ये पुरावा अपुरा म्हणून सांध्यांच्या झिजेसाठी लेझर देऊ नये असं सांगितलं. हा वाद वेदनेपुरता आहे. माणसाच्या गुडघ्यातली झिजलेली गादी लेझरने पुन्हा तयार होते, हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही.

म्हणून कुणी लेझर सुचवला तर तरंगलांबी आणि जूल जरूर विचारा. नवी कूर्चा देण्याची हमी देणाऱ्याला मात्र पैसे देऊ नका, आणि गुडघ्याला आधार देणारे मांडीचे व्यायाम चुकवू नका.